चुकून मागवलेलं परत करताना "डिफेक्टिव्ह" टाकू नका हो

आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर कोणी नुसतं "ऑनलाइन मागवताना चूक झाली, आता काय करू" असं टाकलं की लगेच सल्ल्यांची रांग लागते, आणि सगळ्यांचा सल्ला एकच, कारणात डिफेक्टिव्ह टाका, गुपचूप घेऊन जातात. सांगणारे सगळे चांगले शिकलेले, रिटायर्ड बँकवाले, मास्तर, एक तर वकील आहेत. मला हे वाचून दर वेळी चिडायला होतं, म्हणून आज जरा लांबच लिहितेय, कंटाळा आला तर खुशाल पुढे स्क्रोल करा.

आधी एक गोष्ट, जी सांगितली की लोक माझ्याशीच भांडतात. साइज चुकला, रंग चुकला, दोनदा ऑर्डर गेली, घरात आधीच एक होतं, असल्या कारणांसाठी माल परत करायचा कायदेशीर हक्क आपल्या देशात नाही. भाची जर्मनीत असते, तिकडे युरोपच्या नियमाप्रमाणे ऑनलाइन घेतलेल्या बहुतेक वस्तू हातात पडल्यापासून १४ दिवसांत कारण न सांगता परत करता येतात, ती इथे आली की विचारते, मावशी तुमच्याकडे असं का नाही. नाही बाई. आपल्याकडे २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा आहे आणि त्याखालचे २०२० चे ई-कॉमर्स नियम आहेत, त्यात विक्रेता परत घ्यायला नाही म्हणू शकत नाही ते कधी, तर वस्तू खराब निघाली, नकली निघाली, साइटवर लिहिलंय दाखवलंय तशी नाही निघाली किंवा सांगितलेली तारीख उलटून गेल्यावर आली. बाकी सगळं कंपनीच्या पॉलिसीवर. ती सात दिवस देईल, दहा देईल, नुसतं रिप्लेसमेंट देईल, नाहीतर नॉन-रिटर्नेबल लिहून मोकळी होईल, आणि ते किमतीच्या खाली इतक्या बारीक अक्षरात असतं की आमच्या वयाच्या माणसांना चष्मा लावूनही दिसत नाही.

आमच्या इंदुरात शीतलामाता बाजारात साडी घ्या, बिलावर छापलेलं असतं "बिका हुआ माल वापस नहीं होगा", तरी आपण दुसऱ्या दिवशी पिशवी घेऊन हजर, "भैया, बहू को कलर पसंद नहीं आया", आणि तो कुरकुर करत का होईना बदलून देतो, पैसे मात्र देत नाही. कारण आपण दिवाळीला परत त्याच्याच गादीवर बसणार हे त्याला पक्कं माहीत असतं. (जाता जाता सांगते, माल खराब असेल तर त्या छापील ओळीला काही अर्थ नाही, बिलावर मुदत दिलेली नसेल तर ३० दिवसांत खराब माल परत घेऊन पैसे न देणं ही कायद्यानं अनुचित व्यापारी प्रथा आहे.) ऑनलाइनला ना गादी ना ओळख, तिथे आपल्या हातात कारणांची एक यादी येते, त्यातलं एक निवडायचं. म्हणून ते कारण खरं असणं महत्त्वाचं.

शेजारच्या काकूंचं सांगते, त्यांना विचारूनच लिहितेय. त्यांनी पाच लिटरचा कुकर मागवला. घरात हल्ली गॅसपेक्षा इंडक्शनच जास्त चालतं. कुकर आला, काकूंनी कौतुकानं बुडाचं स्टिकर सुरीनं खरवडून काढलं, रिंग धुतली, कुकर इंडक्शनवर ठेवला आणि इंडक्शन टीं टीं करायला लागला, कुकर गरम होईचना. झालं, कुकर बिघडलेला आला. ग्रुपवर विचारलं, ग्रुपनं नेहमीचंच सांगितलं, मुलानं डिफेक्टिव्ह टाकून रिटर्न लावली. पिकअपवाला मुलगा आला, जिन्यातच खाली बसला, खोकं उघडून मोबाइलमधल्या फोटोशी एकेक वस्तू ताडून बघायला लागला. भांडं, झाकण, रिंग, पुस्तक, वॉरंटी कार्ड. शिट्टी नाही. ती सापडली ओट्याच्या ड्रॉवरमध्ये, चमच्यांच्या खाली, पण तोपर्यंत त्यानं खरवडलेल्या बुडाचा फोटो काढला होता. "आंटी, ये तो यूज़्ड है, और डिफेक्ट क्या है इसमें?" काकू काय सांगणार? गॅसवर तोच कुकर मस्त चालत होता. रिजेक्ट करून गेला तो. त्या पोराची काही चूक नाही, त्याच्या स्क्रीनवर जे टिक करायचंय ते तो करतो.

मग काकू माझ्याकडे आल्या. आम्ही ऑर्डरमधून त्या वस्तूचं पान परत उघडलं तर वर मोठ्या अक्षरात लिहिलेलं, गॅस आणि इंडक्शन दोन्हींवर चालतो, आणि खाली माहितीच्या तक्त्यात इंडक्शन बेस, नाही. म्हणजे बघा, काकूंचं खरं कारण त्या खोट्या कारणापेक्षा कितीतरी भक्कम होतं! वर्णनाप्रमाणे वस्तू नाही, हे तर थेट नियमातच बसतं, आणि वापरल्याशिवाय हे कळणार तरी कसं होतं. दोन्ही ओळींचे स्क्रीनशॉट काढले, चॅटवर पहिल्यापासून खरं काय झालं ते लिहिलं, चॅटवाल्यानं गोल गोल फिरवलं तेव्हा ग्रीव्हन्स ऑफिसरला, म्हणजे कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला, मेल टाकला. हा माणूस प्रत्येक ई-कॉमर्स कंपनीला नेमावाच लागतो, नाव आणि संपर्क साइटवर द्यावा लागतो, तक्रार मिळाल्याची पोच ४८ तासांत आणि निकाल एक महिन्यात द्यायचा असतो. काकूंचे पैसे आले. पण पहिलं डिफेक्टिव्ह टाकलेलं निस्तरायलाच जास्त वेळ गेला, कारण ते दर वेळी तेच विचारायचे, आधी तर तुम्ही बिघडलाय म्हणाला होतात ना.

आणि दुसरी बाजूही घरातच बघते मी. माझे दीर लहान मुलांचे रेडिमेड कपडे ऑनलाइन विकतात, छोटाच धंदा आहे, चार कारागीर. त्यांचा फ्रॉक "डिफेक्टिव्ह" म्हणून परत येतो, उलगडून बघावं तर एक टाका उसवलेला नाही, साइज मोठा झाला एवढंच. पण रेकॉर्डला खोट त्यांची लागते, जाण्यायेण्याच्या कुरियरचा भुर्दंडही त्यांच्याच माथी. मागे मला म्हणाले, "वहिनी, साइज चुकला लिहिलं असतं तरी मी घेतलाच असता हो परत." तेव्हा समोर मोठी कंपनी आहे, तिला काय फरक पडतो, हे काही खरं नाही.

बरं, चूक म्हणजे दर वेळी आपलीच असते का, तर तसंही नाही. "फक्त २ शिल्लक" म्हणून घाई करवायची, कार्टमध्ये आपण न टाकलेला विमा नाहीतर दान हळूच घुसवायचं, शेवटच्या पानावर कुठल्याशा फी चढवायच्या, नको म्हणायचं बटण फिकट करड्या रंगात ठेवायचं. याला डार्क पॅटर्न म्हणतात आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये केंद्र सरकारनं अशा १३ प्रकारांवर बंदी घालणारी मार्गदर्शक तत्त्वं काढली आहेत. आधीच टिक केलेल्या चौकटीला तुमची संमती म्हणता येत नाही, हे तर २०२० च्या नियमातच आहे. तरी चाललंय सगळं. म्हणून पैसे भरायच्या आधीच्या पानाचा स्क्रीनशॉट काढायची सवय मी घरात सगळ्यांना लावलीय, पोरं हसतात, हसू देत.

खरोखर आपल्याच बोटानं चुकलं असेल तर मात्र वेळ घालवू नका. माल निघायच्या आत कॅन्सल करणं सगळ्यात सोपं. कॅन्सलचा दंड लावत असतील तर विचारा, कारण ऑर्डर त्यांनी स्वतःहून रद्द केली तर तेही तसाच दंड भरणार असतील तरच त्यांना तो लावता येतो. निघालाच असेल तर दारात घेऊ नका. घेतला असेल तर टॅग, सील, खोक्यातलं थर्माकोल सगळं जपून ठेवा आणि देताना खोकं बंद करायच्या आधी फोटो काढा. आणि पिकअपची पावती मेसेजवर आल्याशिवाय पार्सल सोडू नका, मग तो कितीही म्हणू दे "आंटी, बाद में आ जाएगा".

रिफंड कुठे हवाय ते विचारतात तेव्हा नीट वाचा. वॉलेट पटकन होतं म्हणून लोक ते दाबतात आणि मग ते पैसे त्याच दुकानात खर्च करत बसतात. मी नेहमी जिथून भरले तिथेच मागते. कार्डावर आठवडाभर लागू शकतो. कंपनी म्हणते दिले, बँक म्हणते आले नाहीत, असं झालं तर कंपनीकडून रेफरन्स नंबर मागा, कार्डाचा असेल तर एआरएन, यूपीआयचा असेल तर यूटीआर, तो बँकेला दिला की शोध लागतो. ईएमआयवर घेतलं असेल तर बँकेची प्रोसेसिंग फी सहसा गेली ती गेलीच.

कायदा आपल्या बाजूनं असूनही दाद देत नसतील तर १९१५ लावा, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, मराठीतही बोलतात. त्यानंही नाही झालं तर जिल्हा ग्राहक आयोग, आणि कंपनी बेंगळुरूची असो की गुरुग्रामची, तक्रार इथे इंदुरात करता येते, आपण राहतो तिथे. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, वकीलही लागतोच असं नाही. आमच्या ग्रुपवरच्या वकीलसाहेबांनी हे सांगायला हवं होतं खरं तर.

एक मात्र कृपा करून करू नका. कस्टमर केअरचा नंबर गूगलवर शोधू नका. तिथे भामट्यांनी आपले नंबर पेरून ठेवलेले असतात, गोड बोलून कुठलंसं ॲप उतरवायला लावतात, तुमची स्क्रीन बघत बसतात आणि म्हणतात रिफंडसाठी पिन टाका. पैसे घ्यायला यूपीआय पिन कधीच लागत नाही, तो फक्त द्यायला लागतो. नंबर ॲपच्या आतूनच काढा. आणि पैसे गेलेच तर नवऱ्याला सांगू की नको याचा विचार करत बसू नका, आधी १९३० वर, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर, फोन, लगेच बँकेला फोन, नवऱ्याला संध्याकाळी सांगा.