खाडा आणि दुप्पट कपात

नागपूरच्या लहान कारखानदारांमध्ये सध्या एक संदेश फिरतो आहे. आपल्याकडचा कामगार पगार झाला की चार दिवस गायब होतो, कायद्याने त्याच्या सुट्ट्यांचे लाड केले आहेत, आजारपणाचे दाखले विकत मिळतात, म्हणून एका खाड्याला दोन दिवसांचा पगार कापावा, असे त्यात म्हटले आहे. हिंगण्याच्या एका कारखान्यात मी अकरा वर्षे हजेरीपट सांभाळला. यातले एकही विधान मला जसेच्या तसे मान्य करता येत नाही.

सुचवलेला उपायच मुळात बेकायदा आहे. जितका काळ गैरहजर, तितक्याच प्रमाणात कपात, हे 1936 च्या वेतन प्रदान कायद्याने ठरवून दिले आणि 2019 च्या वेतन संहितेने ते कायम ठेवले. दहा किंवा अधिक कामगारांनी संगनमताने, सूचना न देता काम सोडले तरच अधिक कपात करता येते.

सुट्ट्यांचे म्हणाल, तर 1948 च्या कारखाने कायद्याने 2025 पर्यंत वर्षात 240 दिवस भरल्यावरच दर 20 दिवसांमागे एक पगारी रजा दिली. म्हणजे 300 दिवस राबणाऱ्याला पंधरा. ठेकेदार ज्याला मध्येच काही दिवस कामावरून कमी करून ‘ब्रेक’ देई, त्याचे 240 दिवस भरणे किती कठीण होते, हे हजेरीपट लिहिणाऱ्याला ठाऊक असते.

दाखल्यांचा आरोप मला सर्वांत अन्यायाचा वाटतो. राज्य कामगार विम्यात आजारपणाचा लाभ सरासरी रोजाच्या 70 टक्के, तोही वर्षाला 91 दिवसांपर्यंतच मिळतो, आणि नव्या आजारपणाचे पहिले दोन दिवस सहसा कोरडेच जातात. दोन दिवसांच्या तापासाठी नागपूरच्या सोमवारी पेठ या भागातल्या विमा रुग्णालयात रांग लावून हाती काहीच पडणार नसेल, तर माणूस एक तर बिनपगारी घरी राहतो, नाहीतर अंगात ताप घेऊन प्रेसवर, म्हणजे दाबयंत्रावर, उभा राहतो. दुप्पट कपातीच्या धाकाने दुसऱ्या प्रकारचीच माणसे वाढतील, आणि प्रेसवर झापड आलेल्या माणसाची बोटे जायला एक क्षण पुरतो.

पगारानंतर दांडी मारणारे असतात, हे मी नाकारत नाही. त्यांच्या वाटचे काम शेजारच्या मशीनवरच्यावर पडते आणि तो मनातून चिडतो. मात्र माझ्या हजेरीपटात खाड्यांची गर्दी पगाराच्या तारखेपेक्षा जूनच्या पेरणीला आणि मे महिन्यात जास्त असे. पारा 45 अंशांवर गेल्यावर पत्र्याच्या शेडमधली दुपारची पाळी काय असते, ते आत उभे राहिल्याशिवाय कळत नाही. आम्ही एका मे महिन्यात पहिली पाळी सकाळी सहाला सुरू केली, जड काम दुपारी बारापूर्वी उरकले आणि पेरणीच्या रजा आधीच विचारून बदली कामगार ठरवून ठेवले. त्या मोसमात दुपारी बंद राहणारी मशीन पुन्हा चालू राहिली, आणि कोणाचाही जादा पगार कापावा लागला नाही.