गाभाऱ्याला टाइल्स

आमच्या गावच्या ग्रुपवर आठवडाभर एकच विषय चालू आहे. महादेवाच्या देवळाचा लाकडी सभामंडप पाडायचा, वर स्लॅब टाकायचा आणि हेमाडपंती गाभाऱ्याला आतून पांढऱ्या टाइल्स लावायच्या. मी एवढंच लिहिलं की खांब तरी ठेवा. चुलतभावाचं, म्हणजे आमच्या दादाचं, लगेच उत्तर आलं: "तू तिकडं बसून शहाणपणा शिकवू नको. गळतंय ते आमच्या डोक्यावर."

हे वाचलं तेव्हा मी इकडं इंग्लंडात, इंगल्शम गावच्या चर्चमध्ये बसलो होतो. शनिवारी लेकीला हायवर्थला पोहायला सोडलं की मधल्या तासात मी तिथं जातो. थेम्सकाठचं एवढंसं देऊळ, बरंचसं १२०५ च्या सुमाराचं. भिंतींवर तेराव्या शतकापासूनचे रंगांचे थर आहेत, काही ठिकाणी एकावर एक सात. जुन्या चित्रांवरून पुढच्या लोकांनी बायबलची वचनं लिहिली. आता दोन्ही अर्धी अर्धी दिसतात आणि धड एकही वाचता येत नाही. मला तेच आवडतं. त्याहून जुनी, सॅक्सन काळातली, बाळाला घेतलेल्या मेरीची शिळा आहे. ती पूर्वी बाहेरच्या भिंतीत होती आणि लोकांनी तिच्यावर रेघा ओढून सावलीचं घड्याळ केलं होतं.

जीर्णोद्धाराचा सोस इंग्रजांनाही होताच. व्हिक्टोरियाच्या काळात यांनी गावोगावची चर्चं खरवडली, चित्रांसकट गिलावा काढला, जुनी बाकं फेकली. त्याला वैतागून विल्यम मॉरिस या कवी-कारागिरानं १८७७ मध्ये जुन्या इमारती वाचवायला संस्था काढली. म्हणणं साधं: गळतंय तिथं बुजवा, कललंय तिथं टेकू द्या, नवं करू नका. इंगल्शमची दुरुस्ती १८८८-८९ मध्ये त्याच्याच खटपटीनं झाली. दारं असलेली उंच बाकं अजून तिथंच आहेत, फरशी अजून वरखाली आहे.

हे सगळं मी दादाला पाठवलं, वर फोटो. त्यानं विचारलं, "पूजा कोण करतं तिथं?"

नेहमीची प्रार्थना केव्हाच थांबली. अशी साडेतीनशेहून जास्त चर्चं सांभाळणारा एक ट्रस्ट आहे, तो हेही सांभाळतो. म्हणजे रिकामं पडलं म्हणून टिकलं, असं दादा म्हणणार, हे ओळखून मी आधीच सिन्नरचं गोंदेश्वर पुढं केलं. तिथं लोक दर्शनाला येतात आणि कुणी टाइल्स लावत नाही.

"त्याला पुरातत्त्व खातं आहे. आपल्याला तू आहेस."

यावर काय लिहिणार? नऊ वर्षांत एकाही महाशिवरात्रीला गेलेलो नाही. इंगल्शमच्या पेटीत मात्र येता-जाता नाणी टाकतो. टाइल्स वाईटच, त्यावरून मी हटणार नाही. दगड आतल्या आत ओल धरून बसतो. पण खांबांचं खरं कारण वेगळं होतं. आठवीत असताना दक्षिणेकडच्या खांबावर मी खिळ्यानं नाव कोरलं होतं आणि आजोबांचा मार खाल्ला होता. तेही दादाला लिहून टाकलं.

"तो खांब? वाळवी लागली होती. मागच्या पावसाळ्यातच काढला. लोखंडी पाइप लावलाय."

खाली वर्गणीचा क्यूआर कोड होता.