लोकमान्य नगरातले कॉरिंथियन खांब

इंदूरला लोकमान्य नगरात माझ्या चुलतभावानं, म्हणजे दादानं, घराचं काम काढलंय. दिवाणखान्याच्या भिंतींवर पीओपीचे अर्धखांब, त्यांच्या डोक्यावर कॉरिंथियन पद्धतीचे पानांचे झुपके, छताच्या कडेनं नक्षीची पट्टी आणि मधोमध मोठं फूल असा बेत आहे. त्यावरून घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जुंपली आहे. आर्किटेक्चर शिकणारी पुतणी म्हणते, ‘काका, मंगल कार्यालय वाटेल. आणि ग्रीकांची नक्कल आपण कशाला करायची?’ दादा म्हणतो, ‘होळकरांच्या लालबाग राजवाड्यात चालते ना?’ मी बर्लिनला राहतो, म्हणून निवाडा माझ्याकडे आलाय. युरोपात राहणाऱ्याला खांबांतलं कळतंच, असा घरच्यांचा समज.

नकलेचा मुद्दा मला पटत नाही. माझ्या इथल्या जुन्या घराच्या छतावर आहे तशी नक्षी कुणी कलावंत जागेवर बसून कोरत नसे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बर्लिन भराभर वाढलं, तेव्हा ती साच्यातून काढलेली, तयार मिळायची. पुढे तीच भपकेबाज ठरली आणि कितीतरी इमारतींच्या दर्शनी भिंतींवरून चक्क खरवडून काढली गेली. आता छताला जुनी नक्षी असली की जाहिरातीत आवर्जून लिहितात.

लालबागही १८८६ ते १९२१ या काळात उभा राहिला तो युरोपकडून उसनं घेतच. आणि त्याच घराण्यातल्या यशवंतराव होळकर दुसऱ्यांनी १९३० च्या दशकात माणिकबाग बांधून घेतला, तो बर्लिनच्याच एकार्ट मुथेसियस या तरुण वास्तुविशारदाकडून. त्यात पानाफुलांना थारा नाही. दादा आणि पुतणी दोघांनाही आपापला राजवाडा इंदुरातच मिळतो.

माझा आक्षेप आहे तो मापाला. विन्योला या इटालियन वास्तुविशारदानं १५६२ मध्ये खांबांची प्रमाणं मांडली. त्यात साध्या डोक्याच्या डोरिक खांबाची उंची जाडीच्या आठपट, पानांच्या कॉरिंथियनची दहापट. दादाची खोली दहा फूट उंच, फॉल्स सीलिंग आलं की नऊ. म्हणजे खांब जेमतेम अकरा इंच रुंद हवा. ठेकेदारानं दीड फुटाचा काढलाय. तो सुजलेला दिसणार.

पट्टीतल्या चौकोनी दातांचंही तसंच. प्राचीन रोमन वास्तुविशारद व्हिट्रुव्हियसच्या मते ती मुळात लाकडी छपराच्या वाशांची टोकं. इंदुरातल्या जुन्या रजवाड्याचे वरचे लाकडी मजले मान वर करून पाहिलेल्याला हे वेगळं सांगायला नको. तेव्हा ती पट्टी वरच, छताला लागून शोभते. दादाच्या नकाशात ती टीव्हीभोवती फिरते!

शिवाय पश्चिमेच्या भिंतीला दर पावसाळ्यात ओल येते. पीओपी म्हणजे भाजलेला जिप्सम, ओलीत तो टिकत नाही. नक्षीच्या आधी तिथे वॉटरप्रूफिंग करावं लागेल, आणि त्याबद्दल ग्रुपवर अवाक्षर नाही.

मी कळवलंय: खांब नकोत, फॉल्स सीलिंग नको, पट्टी वर ठेव, फूल ठेव आणि पंख्याचा हुक फुलाच्या बरोबर मध्यावर घे. दादा खांबांवर अडून आहे. वहिनी विचारते, पानांच्या खाचांतली धूळ कोण काढणार? इथे तर कुणीच काढत नाही. घर सोडताना भाडेकरू वरून पांढरा रंग मारतात. थरावर थर चढून माझ्या छतावरची पानं आता पानं म्हणून ओळखूही येत नाहीत.