नानकटाई आणि धोक्याची पातळी

दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात सांगलीत एखादा गृहस्थ मांडीवर पातेलं घेऊन, डोळे मिटून बसलेला दिसला, तर तो ध्यानाला बसलाय असं समजू नका. बेकरीत नानकटाईचा नंबर लावून बसलेला असतो बिचारा.

यंदा तो बिचारा मी होतो.

आमच्या गल्लीतल्या बायका दिवाळीत नानकटाई करून विकतात आणि आलेले पैसे समुपदेशक बाईंच्या मानधनाला देतात. बाई दर शनिवारी देवळाच्या हॉलमध्ये येतात, गल्लीतल्या पोरांशी बोलतात. याचं मूळ २०१९ च्या महापुरात. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट. तेव्हा पाणी ५७ फुटांवर गेलं होतं. पाणी उतरलं, भिंती पुसून झाल्या, पण शेजारच्या काकूंचा नातू पुढं दोन-तीन वर्षं जरा पाऊस लागला की दप्तर भरून माळ्याच्या शिडीवर जाऊन बसायचा. तिथून एकच प्रश्न, "आयर्विनला किती फूट?"

पहिल्या बैठकीत मी बोलून गेलो होतो, "पोरांना कसलं आलंय टेन्शन? आम्ही नाही का मार खाऊन मोठे झालो?"

सौ. माझ्याकडं वरपासून खालपर्यंत बघून म्हणाली, "दिसतंय की." आणि यंदा परात माझ्यापुढं सरकवली.

तूप आणि पिठीसाखर फेसायची, पांढरीशुभ्र होईपर्यंत, तीही एकाच दिशेनं. एकाच दिशेनं का, हे कुणीच सांगत नाही. खांदा मात्र एकाच दिशेनं दुखतो. दोन किलो पिठाला किलोभर तूप असा हिशेब होता. मैदा, बेसन, रवा, वेलदोडा घालून झालं आणि मला पीठ कोरडं वाटलं. सौ. फोनवर होती. मी आपलं गुपचूप चार पळ्या तूप पातळ करून ओतलं.

बेकरीत सकाळी पावाचे घाणे निघतात. मग भट्टीची आग जरा उतरली की नानकटाईचे पत्रे आत जातात. आधी घातले तर वरून करपतात आणि आत कच्चे राहतात. म्हणजे दुपारपर्यंत बसा. माझा नंबर २३. काकूंचा नातू सोबतीला होता. आता तो चांगला मिसरूड फुटायच्या बेतात आलाय.

रांगेतल्या माणसांचं काय सांगावं! शेजारच्या आजोबांनी झोप न लागण्यापासून सुरुवात केली ती जावयापर्यंत आले. पलीकडच्या गृहस्थांचा मुलगा बारावीला होता, आणि जेवण त्यांना जात नव्हतं. समुपदेशक बाईंनी खरं तर इथंच टेबल टाकायला हवं होतं. एक निवृत्त शिक्षिका म्हणाल्या, "अहो, सरकारचा १४४१६ नंबर आहे की. टेली-मानस, मनाच्या त्रासाबद्दल बोलायला. चोवीस तास, फुकट."

माझ्या जिवात जीव आला. "मग नानकटाई कशाला?"

"फोनवर पोरगं लगेच कुठं बोलतं हो? बाईंपुढं चित्र काढता काढता बोलतं."

आता यावर काय बोलणार? बसलो.

अडीचला नंबर पुकारला. आम्ही पत्र्यावर गोळे मांडले, पोरानं प्रत्येकावर अंगठा दाबून पिस्त्याचा तुकडा बसवला. भट्टीवाल्यानं गोळा बोटानं दाबला, बोट पुसलं. "सायेब, तूप लई झालंय. पसरणार बघा हे."

"छे छे, मापात आहे," मी ठोकून दिलं.

पाच मिनिटांनी आत डोकावलो. गोळे बसले होते. आणखी थोड्या वेळानं त्यांनी शेजाऱ्यांशी हात मिळवले. पत्र्याच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत एकच अखंड नानकटाई पसरली, आणि अठ्ठेचाळीस पिस्ते तीत बेटांसारखे उभे राहिले. तूप कडेला येऊन थबकलं आणि हळूच खाली ठिबकलं.

माझ्या कपाळावर घाम. सौ.ला काय सांगायचं? काकूंना काय तोंड दाखवायचं?

काकूंचा नातू माझ्या काखेखालून आत बघत होता. खूप वेळ, अगदी गंभीरपणे.

"काका," तो म्हणाला, "आयर्विनला धोक्याची पातळी ओलांडली. नदीकाठच्या पिस्त्यांना हलवा."

आणि इतका हसला की भट्टीवाल्यानं पत्रा ओढता ओढता थांबून त्याच्याकडं बघितलं.

ती नानकटाई शेवटी सुरीनं वड्या पाडून, किलोवर विकली.