वयोगट : ४ जून

सोसायटीच्या गणपतीत चित्रकला स्पर्धेची यादी करायचं काम माझ्या गळ्यात पडलं, कारण मीटिंगला मी उशिरा पोचलो. नावं ऑनलाइन फॉर्मवर आली होती. सीएसव्ही फाइल (साधा मजकूर, रकाने स्वल्पविरामांनी पाडलेले) उतरवली, डबल-क्लिक करून स्प्रेडशीटमध्ये उघडली आणि वयोगटाचा रकाना बघून चष्मा पुसला. ४-६ च्या जागी ४ जून, ७-९ च्या जागी ७ सप्टेंबर, १०-१२ च्या जागी १० डिसेंबर. १३-१५ तेवढे जसेच्या तसे. वर्षाला पंधरावा महिना नाही म्हणून ते वाचले, हे नंतर कळलं. तेव्हा वाटलं, या वयाची पोरं ऐकतात कुणाचं!

मी हुशारीने रकाना निवडला आणि त्याला 'टेक्स्ट' करून टाकलं. तर बालगटाचं वय ४५८१२! स्प्रेडशीटच्या पोटात तारीख म्हणजे १ जानेवारी १९०० पासून मोजलेले दिवस. वर्ष मी लिहिलं नव्हतं, ते तिने स्वतःच्या मनाने २०२५ धरलेलं. मूळचं ४-६ कधीच पचलं होतं.

"बाबा, तुझं काय घेऊन बसलास," जीवशास्त्र शिकणारी लेक म्हणाली. "सेप्ट१ नावाच्या जनुकाचं १ सप्टेंबर व्हायचं. शेवटी २०२० मध्ये जनुकांचीच नावं बदलली. आता सेप्टिन१ म्हणतात."

म्हणजे तेव्हा शास्त्रज्ञ नमले, स्प्रेडशीटने हट्ट सोडला नाही.

मग लेकीनेच शिकवलं. फाइल थेट उघडायची नाही. 'डेटा'मधून आत आणायची आणि उंबरठ्यावरच सांगायचं, हा रकाना टेक्स्ट. हाताने लिहिताना आकड्याआधी एकेरी अवतरणचिन्ह द्यायचं. बाळाला तीट लावतात तसं. छोटंसं, पण तारखेची नजर लागत नाही.

रात्री साडेअकराला शुद्ध यादी सेक्रेटरींना पाठवली. सीएसव्हीच पाठवली, ही माझी चूक. त्यांनी डबल-क्लिक केलं, सेव्ह केलं आणि पुढच्या खटपटीला लागले.

बक्षीस समारंभात एका चिमुरडीच्या आईने प्रमाणपत्र उलटसुलट पाहिलं. "अहो, हिचा वाढदिवस जानेवारीत असतो."

यंदा फॉर्मवरच '४ ते ६' लिहिलंय. 'ते' म्हणजे काय, हे त्या स्प्रेडशीटला अजून कुणी सांगितलेलं नाही. तुम्हीही सांगू नका.