झाडं मोजायची कशी?

तुमच्या विद्यापीठाचा परिसर 'कार्बनशून्य' जाहीर करायचाय, म्हणजे आपण जेवढा कार्बन सोडतो तेवढा आपली झाडं शोषतात असं कागदावर दाखवायचंय? सोपं आहे. मी नुकतीच उन्हाळी सुट्टी त्यातच घालवली. डोक्याला उपरणं, हातात शिंप्याची टेप आणि आपला खान्देशी मे.

आधी वशिला नसलेला प्राध्यापक शोधा. सापडतोच.

बुंध्याचा घेर जमिनीपासून 1.37 मीटरवर मोजतात. रोपच दोन फुटांचं असेल तर? हवेत मोजा.

अंजनासारखी झाडं लावू नका. ती सावकाश वाढतात आणि तपासणीची समिती पुढच्याच महिन्यात येते. कोनोकार्पस हे भराभर वाढणारं परदेशी झाड लावा. गुजरातनं 2023 साली त्यावर बंदी घातली, म्हणजे तिकडचा माल आता स्वस्त मिळत असेल.

एवढं करूनही बेरीज जुळली नाही तर खिडकी उघडा. मला खरंच विचारलं गेलं, "सर, इथून सातपुडा दिसतो. तो धरता येईल का?"

आता मेलेली झाडं. हा भाग नीट वाचा. गेल्या पावसाळ्यात वाजतगाजत लावलेल्या रोपांपैकी पाचांत एक मला सापडलं. बाकी नुसत्या काड्या, आणि काडीला बांधलेली पाहुण्यांच्या नावाची पाटी मात्र ठणठणीत. मी प्रामाणिकपणे 'मृत' लिहिलं. संध्याकाळी तक्ता परत आला. "मृत असा रकाना नाही, सर. 'सुप्त' लिहा." सुप्त! कुंभकर्ण आहे का तो? माळीबाबांना विचारलं, तर म्हणाले, "भाऊ, टँकर हप्तामा एकडाव येस. मंग झाड कसं जगी?" केळीच्या बागाच्या बागा ठिबकवर पोसणाऱ्या मुलखात आमच्या रोपाला नळी नाही. लावायला निधी आहे, जगवायला नाही. कारण पाणी घालतानाचा फोटो कोण छापणार? आणि हे सगळं मला समजावलं गेलं ते एसीच्या केबिनमध्ये. बाहेर 44, आत 18, आणि खांद्यावर शाल!

तो एसी दिवसाला आठ तास चालला तर बारा युनिट जातात. युनिटमागे पाऊण किलो धरला तरी नऊ किलो कार्बन डायऑक्साइड. भरलं झाड वर्षाला वीसेक किलो शोषतं म्हणतात. म्हणजे झाडाची वर्षभराची कमाई साहेबांनी सव्वादोन दिवसांत उडवली. उन्हाळ्याच्या शंभर दिवसांना 45 मोठी झाडं, आणि तीही एका केबिनची. आमच्याकडे तशा किती आहेत ते मोजायला मात्र मला कुणी टेप दिली नाही.

पुरे झाली थट्टा. लाज वाटू द्या जरा. साक्री तालुक्यातल्या बारीपाड्याच्या लोकांनी चैत्राम पवारांबरोबर कुऱ्हाडबंदी पाळली, चराईबंदी पाळली, उजाड डोंगरावर जंगल परत आणलं. पवारांना 2025 साली पद्मश्री मिळाली. त्यांच्याकडे ना पर्यावरण विभाग होता, ना पीएच.डी.वाले. तुमच्याकडे दोन्ही आहेत, आणि एक रोप जगत नाही? वर्षातले बहुतेक दिवस ऊन आहे, मोकळी गच्ची आहे, तिथे सौर पॅनेल लावा. एसी 26 वर ठेवा. रोपं निम्मीच लावा, पण तीन उन्हाळे पाणी द्या आणि रोजंदारीवरच्या माळ्याला कायम करा.

टेप माळीबाबांकडे ठेवली आहे. ज्याला सुप्त झाडं मोजायची असतील त्यानं दुपारी दोनला यावं.