‘निर्बंधांनी काही होत नाही’ म्हणणाऱ्यांना म्यानमारवरून उत्तर

म्यानमारचा विषय निघाला की एक युक्तिवाद हमखास पुढे केला जातो. तो साधारण असा: निर्बंधांनी हुकूमशहा हलत नाहीत. पाश्चात्त्य देशांनी पंधरा-वीस वर्षं म्यानमारची कोंडी केली, तरी सेनापती जागचे हलले नाहीत. भरडला गेला सामान्य माणूस आणि फावलं चीनचं. 2011 मध्ये दार किलकिलं झालं तेही सेनापतींनी आपल्या सोयीने केलं. भारत तर शेजारी, 1,643 किलोमीटरची सीमा, ईशान्येची काळजी. तेव्हा राजधानी नेपिडोत जो बसला असेल त्याच्याशी जुळवून घ्यावं हेच बरं.

यातली काही विधानं खरी आहेत. निष्कर्ष मात्र चुकीचा आहे, आणि तो वारंवार सांगितला गेल्यामुळे ज्या गोष्टी करता येण्यासारख्या आहेत त्याही केल्या जात नाहीत. म्हणून एकेक मुद्दा घेऊ.

‘निर्बंधांनी काहीच हलत नाही.’

याला सगळ्यात स्वच्छ उत्तर शस्त्रखरेदीच्या आकड्यांत आहे. संयुक्त राष्ट्रांचे म्यानमारविषयक विशेष प्रतिवेदक टॉम अँड्र्यूज यांनी मे 2023 मध्ये एक अहवाल दिला. 1 फेब्रुवारी 2021 च्या सत्तापालटानंतर लष्कराने सुमारे 100 कोटी डॉलरची शस्त्रं, सुटे भाग आणि शस्त्रनिर्मितीचा कच्चा माल बाहेरून आणला, असं त्यात दाखवलं होतं. रशियातून 40.6 कोटी, चीनमधून 26.7 कोटी, सिंगापूरमधून 25.4 कोटी, भारतातून 5.1 कोटी आणि थायलंडमधून 2.8 कोटी. सिंगापूरचा आकडा पाहून अनेकांना धक्का बसला. सिंगापूर सरकार लष्कराला शस्त्रं विकत नव्हतं. तिथे नोंदवलेल्या व्यापारी कंपन्या आणि तिथल्या बँका यांच्यामार्फत हा माल जात होता.

पुढच्या वर्षभरात दोन गोष्टी झाल्या. सिंगापूरने या कंपन्यांची चौकशी सुरू केली आणि तिथल्या बँकांनी म्यानमारशी संबंधित खाती कसून तपासायला घेतली. दुसरीकडे अमेरिकेने 21 जून 2023 रोजी म्यानमा फॉरेन ट्रेड बँक आणि म्यानमा इन्व्हेस्टमेंट अँड कमर्शिअल बँक या दोन सरकारी बँकांवर निर्बंध घातले. लष्कराची परकीय चलनातली बहुतेक देणी याच दोन बँकांतून जात होती.

जून 2024 च्या अहवालात परिणाम दिसला. सिंगापूरमार्गे होणारी लष्करी खरेदी वर्षाला 11 कोटी डॉलरवरून 1 कोटीच्या आसपास आली. बँकांमार्फत होणारी एकूण खरेदी 37.7 कोटींवरून 25.3 कोटींवर, म्हणजे जवळपास एक तृतीयांशाने घटली. ‘काहीच हलत नाही’ असं म्हणणाऱ्यांनी हे आकडे कुठे बसवायचे ते सांगावं.

त्याच अहवालात अपयशही तितकंच स्पष्ट आहे. थायलंडमार्गे होणारी खरेदी त्याच वर्षात सुमारे 6 कोटींवरून किमान दुपटीवर गेली. एमआय-17 आणि एमआय-35 हेलिकॉप्टरचे जे सुटे भाग आधी सिंगापूरहून येत, ते आता थायलंडमध्ये नोंदवलेल्या कंपन्यांकडून येऊ लागले. निर्बंध लागलेल्या दोन बँकांची कामं म्यानमा इकॉनॉमिक बँक या तिसऱ्या सरकारी बँकेकडे वळवली गेली, कारण तिच्यावर निर्बंध नव्हते. ही गळती नेमकी कशामुळे होते हे त्यातून कळतं. बँका एकेक करून आणि महिन्यांच्या अंतराने यादीत आल्या, की पुढचं खातं उघडायला पुरेसा वेळ मिळतो. आणि एका शेजाऱ्याने दार लावलं, दुसऱ्याने लावलं नाही, तर माल दुसऱ्या दारातून येतो.

हवाई इंधनाचं तेच झालं. निर्बंधांनंतर इंधनाची जहाजं पुरवठादाराकडून थेट म्यानमारला येणं जवळपास थांबलं. मग तोच माल व्हिएतनाममधल्या साठवण टाक्यांत उतरून, मधल्या मधे मालकी बदलून यायला लागला. बॉम्बफेक त्याने थांबली नाही. विम्याच्या आणि जहाजाच्या पातळीवर कारवाई न करता फक्त विक्रेत्यांची नावं यादीत टाकली की असंच होतं.

‘भरडला जातो तो सामान्य माणूसच.’

2003 पुरतं हे खरं आहे. 30 मे 2003 रोजी डेपायिन गावाजवळ लोकशाहीवादी नेत्या आँग सान स्यू की यांच्या ताफ्यावर हल्ला झाला, आणि त्यानंतर अमेरिकेने म्यानमारमधून येणाऱ्या सगळ्याच मालावर बंदी घातली. तयार कपड्यांचे कारखाने बंद पडले, हजारो कामगार मुली घरी बसल्या. सेनापतींचं उत्पन्न नैसर्गिक वायू आणि रत्नांमधून येत होतं. तो निर्णय वाईट होता आणि त्याचं समर्थन करू नये.

पण 2021 नंतरची रचना वेगळी आहे. या वेळी यादीत आले ते लष्कराचे दोन उद्योगसमूह (एमईएचएल आणि एमईसी), सरकारी रत्न आणि लाकूड कंपन्या, आणि पुढे वायू कंपनी एमओजीई. कपड्यांच्या निर्यातीवर सरसकट बंदी आली नाही. युरोपीय संघाने गरीब देशांना दिलेली करमुक्त प्रवेशाची सवलतही म्यानमारसाठी चालू ठेवली.

मग तिथे तेल, औषधं इतकी महाग का झाली? मोठं कारण राजवटीच्या स्वतःच्या चलनधोरणात आहे. 3 एप्रिल 2022 रोजी मध्यवर्ती बँकेने आदेश काढला की देशात येणारं परकीय चलन एका कामकाजाच्या दिवसात सरकारी दराने क्याटमध्ये (म्यानमारच्या चलनात) बदलून घ्यायचं. तो दर आधी डॉलरला 1,850 क्याट होता, ऑगस्ट 2022 पासून 2,100. खुल्या बाजारात क्याट याच्या कितीतरी खाली घसरत गेला. म्हणजे शेतमाल किंवा कपडे निर्यात करणाऱ्याच्या हातचा डॉलर सरकार स्वस्तात घेणार, आणि आयात करणाऱ्याला बाजारातून महागात डॉलर घ्यावा लागणार. मधला फरक राजवटीच्या खिशात. लोकांचे हाल पाहून निर्बंधांना दोष देणारे या आदेशाचा उल्लेखच करत नाहीत, याचा आम्हाला खरोखर राग येतो.

‘दबावामुळे ते चीनच्या कुशीत जातात.’

जातात. पण म्हणून ते तिथे खूश असतात असं नाही. 30 सप्टेंबर 2011 रोजी अध्यक्ष थेन सेन यांनी इरावतीवरचा मित्सोन धरण प्रकल्प थांबवला. 6,000 मेगावॉटचा, सुमारे 360 कोटी डॉलरचा, चिनी पैशाचा प्रकल्प. स्थानिक विरोध होताच; शिवाय एकाच ग्राहकावर आणि एकाच सावकारावर अवलंबून राहण्याची धास्तीही लष्करात होती. पश्चिमेचं दार उघडून घेण्याची गरज त्या धास्तीतून आली.

आणि चीनचंच उदाहरण घ्यायचं तर ते या युक्तिवादाच्या उलट जातं. ऑक्टोबर 2023 मध्ये तीन सशस्त्र गटांनी उत्तर शान राज्यात मोहीम उघडली. ऑगस्ट 2024 पर्यंत त्यांच्यापैकी एमएनडीएए या गटाने लाशियो शहर आणि तिथलं लष्कराचं विभागीय मुख्यालय घेतलं. मग चीनने सीमेवरची नाकी बंद केली, वीज आणि माल अडवला. एप्रिल 2025 मध्ये त्या गटाने लाशियो लष्कराला परत दिलं. लढून जिंकलेलं शहर शेजाऱ्याच्या दबावाखाली सोडावं लागलं. चीनने हा दबाव लष्कराच्या बाजूने वापरला हे दुर्दैव. पण दबाव चालतो की नाही, या प्रश्नाचं उत्तर त्यात आहे.

थायलंडनेही ते करून पाहिलं. 5 फेब्रुवारी 2025 रोजी त्याने सीमेपलीकडच्या पाच ठिकाणांची वीज, इंधन आणि इंटरनेट तोडलं, कारण म्यावाडी या सीमेवरच्या शहराच्या आसपास ऑनलाइन फसवणुकीची केंद्रं चालत होती. काही आठवड्यांत सुमारे 7,000 लोक तिथून बाहेर काढले गेले. केंद्रं मात्र संपली नाहीत. डिझेल जनरेटर आणि उपग्रहावरून इंटरनेट देणाऱ्या स्टारलिंकच्या थाळ्यांवर ती पुन्हा उभी राहिली. ऑक्टोबर 2025 मध्ये स्टारलिंकच्या कंपनीने तिथली 2,500 हून अधिक स्टारलिंक यंत्रं बंद केली. वीज तोडतानाच हा पर्याय बंद केला असता, तर त्या केंद्रांना मधले आठ महिने मिळाले नसते.

‘2011 चा बदल सेनापतींनी स्वतःच केला.’

अर्धं खरं. लोकशाहीकडे जाण्याचा लष्कराचा सात टप्प्यांचा आराखडा ऑगस्ट 2003 मध्येच जाहीर झाला होता, आणि 2008 च्या घटनेत संसदेतल्या एक चतुर्थांश जागा लष्कराने स्वतःसाठी राखून ठेवल्या होत्या. निर्बंधांनी सेनापतींना लोकशाहीवादी केलं नाही. पण त्या आराखड्यात जे नव्हतं, ते देवाणघेवाणीतून आलं. 13 जानेवारी 2012 रोजी 651 कैदी सुटले, त्यांत नामवंत राजकीय कैदी होते. अमेरिकेने त्याच दिवशी राजदूत पाठवण्याची घोषणा केली. 1 एप्रिलला पोटनिवडणूक झाली, स्यू की यांच्या एनएलडी पक्षाने 45 पैकी 43 जागा जिंकल्या, आणि त्याच महिन्यात युरोपने निर्बंध स्थगित केले. एक पाऊल त्यांचं, एक यांचं.

चूक झाली ती यानंतर. घटनेत मुख्य बदल करायला 75 टक्क्यांहून अधिक मतं लागतात आणि 25 टक्के लष्कराकडे आहेत. ही गाठ सुटलीच नव्हती. लष्कराचे उद्योगसमूह संसदेला हिशेब देत नव्हते. तरीही गुंतवणुकीची घाई झाली, आणि ऑक्टोबर 2016 मध्ये अमेरिकेने निर्बंधांची उरलेली मुख्य चौकटही उठवली. त्याच महिन्यात रोहिंग्यांची वस्ती असलेल्या उत्तर राखाइन राज्यात लष्करी कारवाई सुरू झाली. ऑगस्ट 2017 पासून सात लाखांहून अधिक रोहिंग्या बांगलादेशात ढकलले गेले. तेव्हा हातात काही उरलं नव्हतं. दबाव निरुपयोगी ठरला म्हणण्यापेक्षा, सगळ्यात कठीण मागणी पुढे येण्याआधीच तो खर्चून टाकला, असं म्हणणं वस्तुस्थितीला धरून होईल.

जुलै 2025 मध्ये अमेरिकेने लष्कराच्या काही निकटवर्तीयांची नावं आणि त्यांच्या कंपन्या यादीतून काढल्या. त्या बदल्यात काय मिळालं हे जाहीर झालं नाही. 2012 मध्ये निदान मोबदला दिसत होता.

‘भारताला पर्याय नाही.’

भारताने 1988 नंतर लोकशाहीवाद्यांची बाजू घेतली आणि 1993 च्या सुमारास धोरण बदलून लष्कराशी जुळवून घेतलं. तेव्हा सीमाभाग बऱ्याच अंशी लष्कराच्या हातात होता, म्हणून त्या बदलाला आधार होता. आज तो उरलेला नाही. म्यानमारचं सित्त्वे बंदर नदी आणि रस्त्याने मिझोरामला जोडणाऱ्या कलादान प्रकल्पाचा करार 2008 चा. सित्त्वे बंदरात पहिलं मालवाहू जहाज मे 2023 मध्ये लागलं. पण नदीमार्ग जिथे संपून मिझोरामकडे रस्ता सुरू होतो ते पालेत्वा जानेवारी 2024 मध्ये आराकान आर्मी या सशस्त्र गटाने घेतलं. 1,360 किलोमीटरचा भारत-म्यानमार-थायलंड महामार्गही अपुराच आहे. ज्यांच्या हातात रस्ता नाही त्यांच्याशी जुळवून घेऊन रस्ता कसा पूर्ण होणार?

तूर-उडदाचा व्यापार थांबवा असं कुणी म्हणत नाही; तो शेतकऱ्याचा पैसा आहे, चालू राहावा. भारताच्या हातातल्या गोष्टी वेगळ्या आहेत. रडारचे आणि तोफांचे सुटे भाग, शस्त्रनिर्मितीचा कच्चा माल यांच्या निर्यातीचे परवाने बंद करणं. म्यानमारच्या श्वे वायूक्षेत्रात ओएनजीसी विदेशचा 17 टक्के आणि गेलचा 8.5 टक्के हिस्सा आहे. तिथे एमओजीईच्या वाट्याचा पैसा गोठवलेल्या खात्यात ठेवावा, अशी मागणी इतर भागीदारांसमोर मांडणं. म्यानमा इकॉनॉमिक बँकेशी भारतीय बँकांनी व्यवहार न करणं. सिंगापूरने जे केलं ते याहून फार वेगळं नव्हतं, आणि तिथे बँकांना एवढं पाऊल उचलायला एक वर्षही लागलं नाही.